राखोलीची थंड भट्टी

सिल्वासाला मी एसटीने गेलो. त्यामागे काटकसर नव्हती, अपराधीपणा होता. कार्यालय गाडी देत होतं. पण एका माणसाने डिझेलची गाडी घेऊन घाट उतरायचा आणि खाली जाऊन दुसऱ्याच्या कारखान्यातला धूर मोजायचा, हे मला पटेना. बायको म्हणाली, "तुम्ही एसटीने गेलात म्हणून एसटी रद्द होणार नाही आणि गाडीने गेलात म्हणून हिमालय वितळणार नाही. वेळेवर पोचा म्हणजे झालं." मी तिचं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर निदान वेळेवर पोचलो असतो.

माझं काम थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. युरोपात लोखंडाचा, पोलादाचा माल शिरताना आता सरहद्दीवर विचारतात की हा माल तयार होताना हवेत किती कार्बन गेला. जितका कार्बन, तितका कर. कारखानदाराने स्वतःचा आकडा काढायचा आणि माझ्यासारख्या कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन, डोळ्यांनी पाहून, तो खरा आहे असं लिहून द्यायचं. लिहून दिलं नाही तर युरोपवाले त्यांचा ठोक आकडा लावतात. तो नेहमीच चढा असतो, आणि मग तिकडचं गिऱ्हाईक दुसरा कारखाना शोधतं.

राखोलीच्या या कारखान्यात नट-बोल्ट होतात. पोलादाची तार बाहेरून येते, तिचे बोल्ट ठोकतात, भट्टीत तापवतात, तेलात बुडवून कडक करतात. खरं पाहता कार्बन सगळा तारेतच असतो. तारेच्या गिरणीने आपला आकडा तपासून पाठवलाही होता. उरली होती ती या भट्टीच्या गॅसची बाब, म्हणजे भाजीतली मिठाची चिमूट. ती चिमूट मोजायला मी नाशिकहून निघालो होतो.

पेठला उतरणारे एक गृहस्थ शेजारी होते. तिकीट काढताना मला कुठे जायचंय ते त्यांनी ऐकलं.

"सिल्वासा? एकटेच?"

"कामासाठी."

"हां, कामासाठीच," असं म्हणून त्यांनी एक डोळा किंचित बारीक केला. गुजरातेत दारूबंदी आणि मध्येच हे सिल्वासा मोकळं, त्यामुळे तिकडे जाणाऱ्या पन्नाशीच्या एकट्या पुरुषाबद्दल जगाचं एकच मत असतं. मी त्यांना बोल्ट, भट्टी, कार्बन असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उतरताना म्हणाले, "जपून. परत येताना बॅगा तपासतात."

त्याआधी कोटंबीच्या घाटात टायर बसला होता. जॅक होता, पण त्याचा दांडा नव्हता. तो मागून येणाऱ्या एसटीकडून मिळाला आणि ती एसटी यायला फार वेळ गेला. आम्ही सगळे रस्त्याकडेला उभे. सागाची पानं गळून गेली होती आणि उघड्या डोंगरावर मध्येच एखादा पळस पेटल्यासारखा. दृश्य सुंदर होतं, पण मला ते बघवेना. मी हसमुखभाईंना, म्हणजे कारखान्याच्या मालकांना, उशीर होतोय म्हणून फोन केला. "निवांत या, साहेब," ते म्हणाले. "कसली घाई नाय. अमे तर बसूनच आहोत." ज्याच्या डोक्यावर महिनाअखेरची मुदत आहे असा कारखानदार बसून कसा, ही शंका मला तिथेच यायला हवी होती.

सीमा ओलांडली की पाट्या गुजरातीत सुरू होतात. कपराड्याचा उतार, नानापोंढा, मग रस्ता वळतो आणि पाट्या पुन्हा बदलतात. सिल्वासात कोण कुठला हे एका वाक्यात ओळखता येत नाही. माझा रिक्षावाला माझ्याशी हिंदीत भाव करत होता, फोनवर गुजरातीत बोलत होता आणि आडव्या आलेल्या मोटरसायकलला त्याने शिवी दिली ती अस्सल मराठीत. मी विचारलं, "गाव कोणतं?" तर म्हणाला, "पारोळा. पण आता हेच." अथालवरून राखोलीकडे जाताना दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, मध्येच दमणगंगेचं संथ पाणी, आणि पाळी सुटलेल्यांच्या सायकली.

कारखान्याच्या फाटकात रांगोळी होती. अंगण धुतलेलं. हसमुखभाई पांढऱ्या शर्टात, हातात गुलाबाचं फूल घेऊन उभे. बुटके, गोल, सतत हसरे. त्यांच्याशेजारी एक उंच, हडकुळा माणूस खाकी कपड्यांत. "हे पाटील. भट्टी यांच्याच हातात," हसमुखभाईंनी ओळख करून दिली. पाटील अमळनेरकडचे, भट्टीचे मिस्त्री. दुसऱ्या पाळीची सगळी माणसं त्यांनीच गावाकडून आणलेली. ही दुसरी पाळी निव्वळ एका डच गिऱ्हाइकाच्या मालावर चालते, हे मला फोनवर आधीच कळलं होतं. माझा कागद वेळेत गेला नाही तर पाळी बंद आणि माणसं गावी, इतका सरळ हिशेब होता.

"चला, भट्टी पाहू," मी म्हणालो. आधीच उशीर झाला होता.

"पहिलं झाड, साहेब."

"कसलं झाड?"

भिंतीच्या कडेने खड्डा तयार होता. बाजूला पिशवीतलं बकुळीचं रोप, पाण्याची झारी घेतलेल्या एक बाई आणि माझं नाव रंगवलेली पत्र्याची पाटी. नावाखाली हुद्दा आणि तारीखसुद्धा. तशा पाट्यांची रांगच होती तिथे. कारखान्यात जो साहेब येईल त्याच्या हस्ते एक झाड, हा इथला रिवाज. "मी झाड लावायला आलेलो नाही," मी जरा तोडूनच म्हणालो. झारीवाल्या बाईंनी झारी खाली ठेवली आणि त्या कुठे पाहावं ते न कळून पाटीकडे पाहत राहिल्या. मग मला इतकं ओशाळं झालं की मी घाईघाईने रोप लावलं, बुटांनी माती दाबली आणि एकदाचा आत गेलो.

आत शांतता होती. बोल्टच्या कारखान्यात शांतता म्हणजे लग्नघरात शांतता. भट्टी लांबलचक, नवी चंदेरी रंग दिलेली, आणि तिचा जाळीचा पट्टा जागच्या जागी थांबलेला. मी वर हात धरला. कोमट.

"ही बंद आहे?"

"काल सकाळपासून," हसमुखभाई अभिमानाने म्हणाले. "एकदम क्लीन. धुवाँ नाय, वास नाय, आवाज नाय. तमे आरामात पाहा."

"हसमुखभाई, मी पत्रात लिहिलं होतं की भट्टी चालू असताना पाहायची आहे. दोनदा लिहिलं होतं."

"बरोबर लिहिलं होतं."

"मग?"

"तसं तर बधा, सगळेच साहेब लिहितात. येतात तेव्हा बंद बघून खूश होतात."

मी धूर मोजायला आलो होतो आणि या माणसाने माझा मान राखायला धूरच बंद केला होता. समजा डॉक्टर नाडी बघायला आला आणि घरच्यांनी रोग्याचा श्वास धरून ठेवला, तसं. गॅसच्या मीटरचा काटा स्तब्ध. पट्टा किती वेगाने चालतो, तासाला किती माल जातो, काहीच पाहता येत नव्हतं.

"आता पेटवा," मी म्हणालो. "दोन तासांत तापेल?"

पाटील पहिल्यांदा बोलले. "नाही तापत, साहेब. घाई केली तर आतल्या विटा उलतात. हळूहळू घ्यावी लागते. उद्या सकाळी लाल होईन."

"उद्या सकाळी मला सुरतेला दुसरं काम आहे."

"मग विटांना सांगून पाहतो," पाटील म्हणाले. चेहऱ्यावर रेषा हलली नाही.

मी हसमुखभाईंच्या खोलीत बसून निदान कागद तरी उरकावेत असं ठरवलं. तिथे दुसरं दुखणं निघालं. गेल्या वर्षभरात तापवलेल्या मालाचं वजन आणि जळलेला गॅस एकमेकांना धरून चालत होते. पण मध्येच काही आठवडे असे, की माल कमी आणि गॅस जास्त. आलेखावर फुगवटेच दिसत होते. नियमाने माल वाढला तर गॅस वाढावा. इथे उलटं.

"हा गॅस कुठे गेला?"

"भट्टीत."

"पण माल नाही."

"माल नाय," हसमुखभाईंनी मान्य केलं.

"मग कशासाठी जळला? दुसऱ्या कुणाचा माल तापवून देता का?"

"माताजीची सोगन, नाय."

"गळती?"

"गळती असती तर आपण इथे बसलो असतो का, साहेब?"

मी पुन्हा पुन्हा विचारलं आणि त्यांनी दर वेळी चहा मागवला. त्यांना खरंच माहीत नव्हतं, हे आज मला कळतं. तेव्हा मला वाटलं, माणूस लपवतोय. गॅस कुठे गेला हे सांगता येत नसेल तर आकडा खरा आहे असं मी कसं लिहून देणार? त्यात सकाळचा टायर, फाटकातली रांगोळी, बकुळीचं रोप, सगळं डोक्यात साचलेलं. मी बाहेर व्हरांड्यात गेलो आणि कार्यालयातल्या सहकाऱ्याला मोबाइलवर लिहिलं: "भट्टी बंद. गॅसचा मेळ लागत नाही. पडताळणी शक्य नाही, तसं गिऱ्हाइकाला कळवावं." आणि पाठवून दिलं.

पाठवल्यावर मान वर केली तर पाटील भट्टीजवळ उकिडवे बसून बर्नरची ज्योत बारीक करत होते. माझ्या शब्दाखातर त्यांनी भट्टी पेटवायला घेतली होती. सुरतेला मी येत नाही असं मी कळवून टाकलं, कारण आता निघून जायचं तोंड उरलं नव्हतं. पण पाठवलेला संदेश मात्र मागे घेतला नाही. तो खोटा नव्हता, असं मी मनाला सांगत होतो.

लग्नसराईमुळे गावातली हॉटेलं भरलेली. एका ठिकाणी खोली होती, पण ती वऱ्हाडाच्या बँडवाल्यांबरोबर वाटून घ्यायची होती. पाटील म्हणाले, "डोकमर्डीला चला. माझ्या घरी जेवा, शेजारी पोरांची खोली आहे, तिथं झोपा." हे "पोरं" म्हणजे दुसऱ्या पाळीतले चाळिशीचे बाप्ये.

डोकमर्डीची चाळ दिवेलागणीला गजबजलेली होती. पाटलांच्या दारात वांगी भाजल्याचा वास येत होता, पण पाटील नाराज होऊन म्हणाले, "शेगडीवरची आहेत. भट्टी चालू असती ना, तर तुम्हाला खरं भरीत खाऊ घातलं असतं."

"भट्टीवर?"

"भट्टीच्या मागच्या तोंडाशी पत्रा ठेवतो आम्ही. गावाकडं तुरीच्या काड्यांवर भाजतो, इथं गॅसवर. शेठला सांगू नका." मग माझ्याकडे जरा संशयाने पाहून, "हेही मोजावं लागतं का तुम्हाला?"

पाटलांच्या पत्नी सुनंदाबाई कळण्याची भाकरी (उडीद-ज्वारीच्या पिठाची) थापत होत्या. भरीत, त्यावर कच्चं तेल, कांद्याची पात, आणि शेवेची झणझणीत भाजी. पाटील भराभर जेवत होते. त्यांना परत भट्टीवर जायचं होतं, रात्रभर ज्योत हळूहळू वाढवायला.

"आज बी रातभर?" सुनंदाबाईंनी तव्यावरून नजर न उचलता विचारलं.

"मग काय करू? साहेबांना सकाळी लाल पाहिजे."

"साहेब उना की भट्टी बंद, साहेब गया की रातभर जागरन," त्या अहिराणीत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून साध्या मराठीत, "राग मानू नका भाऊ, पण यांचं नेहमीचंच आहे. दिवाळीआधी प्रदूषणवाला आला. मग आगीचा बंब तपासणारा आला. मग तो सेफ्टीवाला. साहेब आला की दोन दिवस हे घरात बसून माझं डोकं खातात, आणि तो गेला की रात्र-रात्र गायब."

"अगं जेवू दे त्यांना."

"मी कुठं हात धरला? म्हणे भट्टी थंड करायची, मग गरम करायची. अशी भाकरी मी करत बसले तर तुम्ही मला माहेरी पाठवाल. तवा उतरवायचा, ठेवायचा, उतरवायचा, ठेवायचा."

माझा घास हातात राहिला.

"पाटील, थंड भट्टी लाल करायला किती गॅस जातो?"

"पुष्कळ. विटाच पिऊन घेतात. पहिला माल निघेपर्यंत नुसता जळत राहतो."

"माल न जाता?"

"माल कसा जाईन? लाल नको व्हायला आधी?" असं म्हणून ते थांबले. माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "हां," ते म्हणाले.

मी ज्या गॅसचा ठावठिकाणा दुपारभर विचारत होतो तो साहेबांच्या स्वागतात जळला होता. आणि ज्यांची पाळी टिकावी म्हणून मला बोलावलं होतं, त्यांच्या घरचं भरीत मी जेवत होतो, खिशात तो पाठवलेला संदेश घेऊन. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी आणखी अर्धी भाकरी मागितली.

शेजारच्या खोलीत दुसऱ्या पाळीची मंडळी पत्ते खेळत होती. खोलीत एकच खाट होती, ती त्यांनी मला दिली. मी नको म्हणालो तर एक जण म्हणाला, "झोपा हो साहेब. तुमच्यामुळेच तर आज आम्हाला सुट्टी." सगळे हसले. दुसरा म्हणाला, "बिनपगारी," आणि पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. खाट चांगली होती, झोप लागली नाही.

सकाळी उजाडताच कारखान्यात गेलो. भट्टी आतून नारिंगी झाली होती. पाटलांचे डोळेही त्याच रंगाचे. मीटरचा काटा पळत होता आणि पट्ट्यावर अजून एकही बोल्ट नव्हता. मी रात्रीचे सगळे आकडे उतरवून घेतले. पहिला माल पट्ट्यावर पडला तेव्हा पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला, आणि मला आदल्या दिवसापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

पण साहेब नक्की कोणत्या तारखांना आले होते? हसमुखभाईंना आठवेना. "दिवाळीच्या आगळपाछळ," एवढंच. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. भिंतीच्या कडेने पत्र्याच्या पाट्या उन्हात चमकत होत्या.

मोबाइलवर गॅस कंपनीच्या रोजच्या नोंदी उघडून मी झाडांच्या रांगेतून चालू लागलो. मागे हसमुखभाई, त्यांच्यामागे पाटील, शेवटी झारीवाल्या बाई. पहिलं झाड करंजाचं, पाटीवर तारीख. नोंदीत बघितलं: दोन दिवस गॅस शून्याजवळ, मग एकदम उसळी. पुढचं कांचन. शून्य, उसळी. पुढे नुसतीच काठी, झाड केव्हाच मेलेलं, पण पाटी शाबूत. तिथेही उसळी. एकाही फुगवट्याला झाड नाही असं झालं नाही.

"म्हणजे हा गॅस साहेबलोकांचा!" हसमुखभाईंचा चेहरा उजळला. "मग बाद करा ना. माझ्या बोल्टवर कशाला?"

"बाद करता येणार नाही. गॅस तुमच्या भट्टीत जळला."

"पण साहेबांसाठी जळला."

"साहेब युरोपला जाणार नाहीत. बोल्ट जाणार आहेत."

"हा तर अन्याय छे," ते म्हणाले आणि पाटलांकडे वळले. "पाटील, अन्याय आहे की नाय?"

"आहे," पाटील म्हणाले. "पण भट्टी बंद करा असं साहेबांनी कुठं म्हटलं होतं? तुम्ही म्हटलं होतं."

हसमुखभाईंनी यावर चहा मागवला.

आकडा त्यांचाच बरोबर होता. गॅस त्यांनी सगळा मोजला होता, फक्त तो का जळला हे सांगता येत नव्हतं. ते आता सांगता येत होतं, आणि ठोक आकड्यापेक्षा तो तरीही खाली होता. व्हरांड्यात जाऊन मी सहकाऱ्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली. संदेश पुढे गेला असला तर? गिऱ्हाइकाने एकदा "शक्य नाही" वाचलं की पुढचं कोण वाचतं?

"तुझा तो मेसेज ना?" सहकारी म्हणाला. "तू चिडलेला असतोस तेव्हा मी एक दिवस थांबतो. आत्ता पाठवणारच होतो."

मी भिंतीला टेकलो. सुटलो याचा आनंद झाला नाही. माझ्या रागाचा अंदाज दुसऱ्याला असावा आणि मला नसावा, याचीच लाज वाटली.

पाटील पट्ट्याशी उभे होते. त्यांना मी कालच्या संदेशाचं सगळं सांगितलं. न सांगताही चाललं असतं. पण त्या खाटेवर मी झोपलो होतो.

पाटलांनी पट्ट्यावर एकमेकांवर चढलेले बोल्ट सळईने मोकळे केले. मग म्हणाले, "म्हणजे जेवायला बसलो तेव्हा ते गेलेलं होतं?"

"हो."

"मग वांगं कसं हो गेलं घशाखाली?"

"चांगलं झालं होतं," मी कसाबसा म्हणालो.

"ते तर होतंच," पाटील म्हणाले, आणि मग तोंड फिरवून हसले की काय केलं ते मला दिसलं नाही. "दुसऱ्या पाळीला फोन करतो. दुपारी या म्हणून."

निघताना मी दोघांनाही बसवून सांगितलं की यापुढे कुणीही साहेब आला तरी भट्टी बंद करायची नाही. बंद भट्टी कुणाला काहीच दाखवत नाही आणि पुन्हा तापवताना नाहक जास्त गॅस जाळते. हसमुखभाईंनी दोन्ही वाक्यांना मान डोलावली. फाटकाशी माझ्या बकुळीला मी पाणी घालू म्हटलं तर झारीवाल्या बाई म्हणाल्या, "घातलंय. तुम्ही माती फार दाबली होती. मोकळी केली."

परतीच्या एसटीत सीमेवर पोलीस चढला. मी मधल्या वयाचा, एकटा, डोळे तारवटलेले. तो थेट माझ्याकडेच आला. बॅगेत त्याला सुनंदाबाईंनी दिलेली हिरवी लांबट वांगी सापडली. त्याने ती एकेक करून बाहेर काढली, बॅगेचा तळ चाचपला, आणि खरंच वांगीच आहेत हे पाहून त्याला माझा रागच आला. "सिल्वासासे बैंगन?" तो म्हणाला. बाटली सापडली असती तर त्याला मी समजलो असतो.

घाट चढताना मी रात्रीचे मीटरचे आकडे पुन्हा काढून बसलो. एसटीने येऊन मी जेवढा धूर वाचवला, त्याच्या कैकपट माझ्यासाठी थंड केलेली भट्टी तापवताना गेला होता. ती रात्र या वर्षाच्या हिशेबात बसेल. पुढच्या खेपेला जो कोणी येईल त्याला एक फुगवटा दिसेल, आणि त्याच्या तारखेला माझ्या नावाचं झाड. जगलं तर झाड, नाहीतर पाटी. आम्ही मोजायला जातो तेव्हा आमचंही काहीतरी त्यात मिसळतं, आणि ते नेमकं कुणाच्या नावावर लिहायचं याला आमच्या नियमांत रकाना नाही.

घरी पोचलो. बायकोने वांगी बघितली आणि काही विचारलं नाही. मी तुरीच्या काड्या कुठे मिळतील याचा विचार करत होतो, तोच पाटलांचा फोन आला. मागे बोल्टांचा खणखणाट ऐकू येत होता, दुसरी पाळी चालू होती.

"साहेब, परवा बॉयलरवाला साहेब येऊन राहिला. शेठ म्हणतात भट्टी बंद करा. काय करू?"

"पाटील, मी काय सांगितलं होतं?"

"मी तेच सांगितलं त्यांना. तर म्हणे, ते साहेब वेगळे, हे साहेब वेगळे."

मी कपाळाला हात लावला. "बंद करू नका. माझं नाव सांगा. पाहिजे तर मी शेठशी बोलतो."

"नको, मी बघतो. विटा उलतील म्हणून सांगतो, त्याला ते घाबरतात."

"आणि झाड?"

"झाड तर लावावंच लागीन," पाटील म्हणाले. "खड्डा खोदून झाला आहे. तुमच्याच शेजारी."